फुकटची खुर्ची

पर्यावरणवाल्या एका संस्थेनं मला विश्वस्त केलंय. बिनपगारी. मीटिंग सकाळी अकराला, म्हणजे गोदीत खाडा. ज्यांची रोजी बुडत नाही त्यांच्यासाठीच साली ही समाजसेवा!

विषय काय, तर खारफुटी, फ्लेमिंगो. असू देत. मी म्हणलं, देवनार घ्या. १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला पडायला लागला. तिथं कचरा वेचणारी आपली बाई पर्यावरणात बसते का नाही?

सगळे कपातल्या चहाकडं बघायला लागले. इतिवृत्तात माझा प्रश्नच नाही. मी सही केली नाही.

दोस्तहो, तुम्ही म्हणता राजीनामा फेक. का म्हणून? देणगीच्या पत्रकावर फोटो आपल्या वस्तीचा छापतात. पुढच्या मीटिंगला प्रश्न लेखी नेतोय. पडू दे खाडा.