सुरांच्या आडून जुगार

मंठा ते पणजी हा रात्रभराचा प्रवास आहे. त्यामुळे मंठ्याच्या आडत बाजारात कॅसिनोचा विषय निघाला, तर ती श्रीमंतांची चैन आहे, कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्यांचा तिच्याशी काय संबंध, असेच उत्तर मिळेल. हे उत्तर आता अर्धेच खरे आहे. मांडवी नदीत नांगरून ठेवलेल्या जुगारी जहाजांवर शनिवार-रविवार घालवणाऱ्यांत केवळ मुंबई-दिल्लीचे धनिक नसतात. लहान कंत्राटदार, दुकानदार, नुकतीच नोकरी लागलेली मुले हीही असतात. प्रवेशाच्या रकमेतच जेवण, मद्य, नाचगाणी आणि खेळायच्या थोड्या चकत्या मिळतात. जुगाराला गेलो असे कोणी म्हणत नाही. दोन दिवस मजा करायला गेलो, असे म्हणतो. या ‘मजे’चे अर्थशास्त्र समजून घेणे कार्यकर्त्यांना आवश्यक आहे.

या धंद्याचे सर्वांत प्रगत रूप म्हणजे संगीताच्या नावाने चालणारे कॅसिनो-हॉटेल. त्याचा जगप्रसिद्ध नमुना ‘हार्ड रॉक’. १९७१ साली लंडनमध्ये दोन अमेरिकन तरुणांनी या नावाचे उपाहारगृह काढले. १९७९ मध्ये एरिक क्लॅप्टन या वादकाची गिटार तेथील भिंतीवर टांगली गेली आणि मग वादकांची वाद्ये व पोशाख काचेआड मांडण्याची प्रथाच पडली. १९९५ मध्ये लास व्हेगासला याच नावाचे कॅसिनो-हॉटेल उभे राहिले. ज्या संगीताने एका पिढीला युद्धाविरुद्ध आणि प्रस्थापितांविरुद्ध उभे राहायला शिकवले, ते जुगाराच्या दालनाची सजावट झाले. भांडवलशाहीला बंडखोरीचे भय वाटत नाही. तिला बंडखोरीचा भाव कळतो.

संगीत येथे विकायचा माल नसून गिऱ्हाइकाला आत थांबवून ठेवण्याचे साधन आहे. खोली स्वस्त, मैफल स्वस्त, जेवण स्वस्त. कारण या सर्वांची किंमत खेळाच्या मेजावर वसूल होते. ती कशी होते, हे साध्या गणिताने कळते. रूलेटच्या अमेरिकन चक्रात ३८ घरे असतात. एका घरावर लावलेला एक रुपया जिंकला तर ३५ रुपये नफा मिळतो. न्याय्य हिशेबाने तो ३७ हवा. हा दोन रुपयांचा फरक म्हणजे मालकाचा कायमचा वाटा, शेकडा सव्वापाच. समजा, एखाद्याने दोन दिवसांत दहा तास खेळून तासाला तीस फेऱ्यांत प्रत्येकी पाचशे रुपये लावले. एकूण दीड लाखाची उलाढाल झाली आणि त्यातून सरासरीने सुमारे ७,९०० रुपये मालकाकडे गेले. एखादा जिंकतोही, आणि त्याची कथा गावभर होते. हरलेल्यांची कथा घरातच राहते. मालकाला लबाडी करावी लागत नाही; खेळणारा अधिक वेळ बसला की पुरे.

मग अशा धंद्याने निदान रोजगार तरी वाढतो, हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. त्याची कसोटी अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात लागलेली आहे. ओहोटी लागलेले शहर सावरावे म्हणून न्यू जर्सी राज्यातील मतदारांनी १९७६ साली तेथे कॅसिनोला अनुमती दिली. १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. पुढे शेजारच्या राज्यांनीही तोच मार्ग धरला, गिऱ्हाईक वाटले गेले, आणि २०१४ या एका वर्षात शहरातील चार कॅसिनो बंद होऊन हजारो कामगार बेकार झाले. १९९० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी उघडलेला ‘ताजमहाल’ कॅसिनो दुसऱ्याच वर्षी दिवाळखोरीत गेला होता. पुढे २०१४ च्या दिवाळखोरीत तेथील कामगारांचा आरोग्यविमा व निवृत्तिवेतन काढून घेण्यात आले. १ जुलै २०१६ रोजी स्वयंपाकी, वाढपी व सफाई कामगार संपावर गेले. तत्कालीन मालक कार्ल आयकान यांनी १० ऑक्टोबरला कॅसिनोच बंद केला. २०१७ मध्ये तो हार्ड रॉक कंपनीने घेतला. मनोरे उतरले, भिंतींवर गिटारी चढल्या आणि २८ जून २०१८ रोजी तीच वास्तू संगीताच्या नावाने पुन्हा सुरू झाली. आज तेथे मुक्कामाला जाणाऱ्याला गिटारी दिसतात. संपकऱ्यांचे शंभर दिवस कोणत्याही काचेच्या कपाटात मांडलेले नाहीत.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हार्ड रॉक कंपनी २००७ पासून फ्लोरिडातील सेमिनोल या आदिवासी जमातीच्या मालकीची आहे. जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या या लोकांनी १९७९ मध्ये बिंगोच्या खेळापासून आरंभ केला आणि त्यातून शिक्षण व आरोग्याची व्यवस्था उभारली. शतकभराच्या अन्यायानंतर त्यांनी हाती आलेले साधन वापरले, याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण यातूनच एक गोष्ट सिद्ध होते. मालकी सामूहिक झाली, तरी उत्पन्न हरणाऱ्याच्या खिशातूनच येते. मालक बदलल्याने चक्रावरील घरे बदलत नाहीत.

महाराष्ट्राने या प्रश्नावर दोन विरुद्ध दिशांनी पावले टाकली आहेत. १९७६ मध्ये विधिमंडळाने कॅसिनोवर नियंत्रण व कर ठेवणारा कायदा केला. तो कधी अंमलात आलाच नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच काळात, १९७५ मध्ये, व्यवसायकर लागू झाला. शहरातील पगारदार व व्यावसायिकांकडून तो घेऊन ग्रामीण मजुराला काम देण्याची सोय झाली. २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमी कायदा अंमलात आला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्याला या कायद्याचे मोल सांगायला नको. एका कायद्यात हरण्यावर कर होता, दुसऱ्यात कमाईवर कर घेऊन कामाचा हक्क होता. समाजवादी विचाराने कोणता मार्ग धरावा, याचे उत्तर या दोन कायद्यांत आहे.

कापूस आणि जुगार यांचे नातेही जुने आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत; १९६१ च्या सुमारास ते बंद झाल्यावर चिठ्ठ्यांचा मटका आला. शेतकऱ्याच्या घामाचा भाव हाच दुसऱ्याच्या पैजेचा आकडा होता. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, तिच्यातील सर्व दोष धरूनही, भावाची अनिश्चितता शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरवण्याचा प्रयत्न होती. ती गुंडाळली गेली. पाऊस, बोंडअळी आणि भाव या तीन फाशांवर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, त्याच्या मुलाला चौथा फासा फार धोक्याचा वाटत नाही. त्याला केवळ व्यसनी म्हणून हिणवणारा उपदेश म्हणूनच निष्फळ ठरतो.

गोव्याचे धोरण या बाबतीत बोलके आहे. तेथील सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश बंद केला. जे आपल्या मुलाबाळांना अपायकारक, ते शेजाऱ्याच्या मुलाला विकण्यास हरकत नाही, असा त्याचा अर्थ. केंद्राची तऱ्हा याहून फार निराळी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे योग्य झाले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून कॅसिनोवरील वस्तू-सेवा कर २८ वरून ४० टक्के झाला. जड कराने खेळ महागतो हे खरे. पण जे सरकार हरणाऱ्यांच्या पैशातून आपला वाटा घेते, त्याला हरणाऱ्यांची संख्या घटलेली परवडत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. कॅसिनोचा प्रस्ताव पर्यटनाच्या, कलेच्या वा संगीताच्या नावाने महाराष्ट्रात पुन्हा आला, तर त्याला विरोध करावा. असे धंदे जेथे चालतात तेथील कामगारांच्या संघटनेला, विम्याला व निवृत्तिवेतनाला मात्र निःसंदिग्ध पाठिंबा द्यावा. धंदा वाईट म्हणून त्यात राबणारा परका होत नाही. आणि मंठ्याच्या बाजारात कापूस व सोयाबीन हमीभावाने विकले जावे, कामाचा हक्क कागदावर राहू नये, यासाठी लढावे. ज्याचे वर्ष नशिबावर सोडलेले नाही, त्याला नशीब विकणे कठीण जाते.