शुक्रवारी रिव्ह्यू, सोमवारी शो गायब?

दर शुक्रवारी नवा सिनेमा, इंटरव्हलमध्येच स्टोरी, रात्री रील. २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांनी पहिले तीन दिवस रिव्ह्यू थांबवा, अशी मागणी मद्रास हायकोर्टात केली होती. ती काही पटत नाही. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याने गप्प का बसायचं? पण आपल्या घाईचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. बड्या स्टारचा सिनेमा अ‍ॅडव्हान्स बुकिंगवर तरतो. छोट्या मराठी सिनेमाला मोजकेच शो, तेही अडनिड्या वेळी. वीकेंडला खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तेही कापले जातात. त्यामुळे ‘बकवास’ म्हणण्याआधी सिनेमा पूर्ण बघा, नेमकं काय खटकलं ते सांगा. आणि आवडला असेल, तर सोमवारची वाट बघू नका!