जुनी बोलेरो घ्या, पण आधी तिचं खातं उघडा



नवीन धंदा सुरू करणारा माणूस भेटला की दहा मिनिटांत विषय गाडीवर येतो. "सर, नवीन घेऊ का जुनी?" बरेच ट्रेनर सांगतात की नवीन घ्या, कस्टमरवर इम्प्रेशन पडतं. माझं मत उलटं आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत जुनी बोलेरोसारखी साधी, दणकट गाडी घ्या. पण "स्वस्तात मिळाली" म्हणून घेणार असाल तर घेऊच नका. का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

माझं दुकान पॅकिंग मटेरियलचं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, भिलार, महाबळेश्वरला ऑर्डर घ्यायला, सॅम्पल दाखवायला आणि छोटी अर्जंट पार्सलं पोचवायला सारखं जावं लागतं. 2019 मध्ये मी 2011 मॉडेलची बोलेरो 3 लाख 10 हजारांना घेतली. हातात गाडी आल्यावर पहिल्या महिन्यात काय केलं? अलॉय व्हील 24 हजार, पुढचा गार्ड 9 हजार, म्युझिक सिस्टीम आणि एलईडी बार 13 हजार. एकूण 46 हजार. मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, रेडिएटरचे होज पाईप कडक झालेत, बदलून घ्या." मी म्हणलं, पुढच्या महिन्यात बघू.

तो पुढचा महिना आलाच नाही. जानेवारी 2020, स्ट्रॉबेरीचा ऐन सीझन. भिलारच्या एका शेतकऱ्याला सकाळी डबे हवे होते. पसरणी घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला. मी एसी बंद केला आणि "दोन वळणं राहिलीत" म्हणून गाडी तशीच रेटली. पाईप फुटला, पाणी गेलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट गेलं. गाडी टोचन करून खाली आणली. पाईप होता साडेचारशे रुपयांचा, बिल झालं 32 हजार. पण खरं नुकसान ते नव्हतं. तोडलेली स्ट्रॉबेरी थांबत नाही. त्या शेतकऱ्याने दुसऱ्याकडून डबे घेतले आणि परत माझ्याकडे आला नाही. तो चिडला नाही, भांडला नाही. फक्त फोन यायचा बंद झाला.

म्हणून सांगतो, धंद्यातली गाडी बिघडते तेव्हा सगळ्यात आधी तुमचा शब्द मोडतो.

मग नवीनच का नको?

आकडा मांडू. 8 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 5 वर्षं. हप्ता बसतो जवळपास 17 हजार. पाच वर्षांत भरता 10 लाख 20 हजार. हा हप्ता धंदा चालो न चालो, दर महिन्याला जाणार. आमच्याकडे पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीचा धंदा झोपतो. मार्च 2020 ला लॉकडाऊन लागलं तेव्हा माझी गाडी दारात उभी होती, पण डोक्यावर हप्ता नव्हता. माझं दुकान तगलं त्यात याचा मोठा वाटा आहे.

आता जुन्या गाडीचा हिशोब. मी प्रत्येक किलोमीटरला 4 रुपये वेगळ्या बँक खात्यात टाकतो. डिझेल त्यात धरत नाही, ते वेगळं. महिन्याला 1,200 किलोमीटर झाले तर 4,800 रुपये, वर्षाला 57,600. गाडी उभी तर पैसे टाकायचे नाहीत. धंदा चालला तर खर्च, थांबला तर खर्चही कमी. नवीन धंद्याला असाच खर्च झेपतो. मात्र हे खातं नसेल तर जुनी गाडी नव्यापेक्षा महाग पडते. मला पडली.

घेताना काय बघायचं?

थंड इंजिनवर सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चॉकलेटी थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेल्याची शंका घ्या. बोलेरोची बॉडी चॅसीवर बसलेली असते, त्यामुळे खाली झोपून चॅसी बघा. पत्रा बदलता येतो, सडलेल्या चॅसीला औषध नाही. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट बघा, खारी हवा लोखंड सोडत नाही.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आत चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा आणि 2021 चा चिपळूणचा पूर आठवा. त्या गाड्या गेल्या कुठे, हा प्रश्न घेणाऱ्याने विचारायलाच हवा.

कागदात आरसीची तारीख बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं. नंतर आरटीओत फिटनेस तपासून 5 वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं, ग्रीन टॅक्सही लागतो. 13 वर्षांची गाडी घेताय म्हणजे हा खर्च दोन वर्षांवर आलाय. तो भावात धरून बोला.

पैसे कुठे आधी, कुठे शेवटी?

माझा क्रम पक्का आहे. आधी गाडी थांबवणारं, मग थंड ठेवणारं, मग चालवणारं, शेवटी दिसणारं.

थांबवणारं म्हणजे ब्रेक आणि टायर. पुढचे पॅड, मागचे लायनर बघा आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसते म्हणून जुनाट टायरवर घाट उतरू नका.

थंड ठेवणारं म्हणजे रेडिएटर, होज पाईप, फॅन बेल्ट, कुलंट. साधं पाणी ओतत राहिलात तर आतून गंज धरतो. काटा वर गेला की गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

चालवणारं म्हणजे वेळेवर इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, क्लच, मागच्या पाट्यांच्या बुशा. हे दिसत नाही म्हणून राहून जातं.

आणि मग सजावट. इथे दोन गोष्टी कान उघडून ऐका. जास्त वॅटचे बल्ब थेट जुन्या वायरिंगवर लावू नका. 100 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर जवळपास 17 अँपिअर ओढतात. कंपनीची वायर त्यासाठी नसते, ती तापते आणि वितळते. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. दुसरं, पुढचे लोखंडी गार्ड. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. माझे 9 हजार तिथेच गेले, गार्ड काढून भंगारात दिला. मागच्या सीट कायमच्या काढायच्या असतील तरी आधी आरटीओत विचारा, आरसीवर लिहिलेलं परस्पर बदलता येत नाही.

त्यापेक्षा चांगला जॅक, हवा असलेली स्टेपनी, टोचनचा पट्टा, जंपर केबल, फ्यूज, एक जास्तीचा होज पाईप आणि फॅन बेल्ट डिकीत ठेवा.

हिशोबाच्या तीन गोष्टी

एक, प्रत्येक दुरुस्तीचं बिल घ्या आणि वहीत तारीख, किलोमीटर, काम लिहा. विकताना हीच वही भाव वाढवते. दोन, 13 सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीच्या खरेदीवर आणि दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारण दुकानदाराला मिळत नाही, ते धरून हिशोब करू नका. तीन, पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाडं मारू नका. एक्सिडेंट झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग धंदा नाही, घर विकावं लागतं. रोजचा माल जास्त असेल तर सरळ मालवाहू पिकअप बघा.

आणि सोडायची कधी? माझा नियम असा: वर्षाचा दुरुस्ती खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, किंवा एका वर्षात दोनदा गाडीमुळे कस्टमरला दिलेला शब्द मोडला, की विकायची. जीव अडकवायचा नाही.

आज एक काम करा. तुमच्याकडे गाडी असेल तर तिचा किलोमीटरचा आकडा वहीत लिहा आणि वेगळं खातं उघडून पहिले हजार रुपये टाका. गाडी नसेल तर खातं आजच उघडा, गाडी नंतर घ्या. सहा महिने सलग पैसे टाकायला जमले नाहीत तर समजा, अजून गाडीची वेळ आलेली नाही. तोपर्यंत भाड्याचा टेम्पो बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.