देवघेव

‘शांतता राखा’ ही पाटी ज्यांच्यासाठी लावलेली असते, ते वाचक तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. ती मनापासून पाळते ती एकटी ग्रंथपाल. मी तर त्या पाटीच्या लोभानेच या व्यवसायात आले, असे म्हटले तरी वावगे होणार नाही. पुस्तके हाक मारल्यावाचून बोलत नाहीत, आणि मिटली की मुकाट्याने फळीवर जाऊन बसतात. माणसांचे तसे नसते. म्हणून आयुष्याची अठ्ठावीस वर्षे बडोद्यातील एका लहानशा मराठी ग्रंथालयात मी पुस्तकांच्या सोबतीने सुखात काढली.

या सुखाला वर्षातून दोनतीनदा ग्रहण लागे, ते चर्चासत्रांच्या निमित्ताने. व्याख्याने ऐकण्यास माझी ना नव्हती. खरी परीक्षा मधल्या सुटीत. चहाचे पेले हाती घेऊन मंडळी एकमेकांकडे सरसावत, पत्त्यांची कार्डे इकडून तिकडे जात, आणि मी मात्र ग्रंथप्रदर्शनाच्या टेबलाशी, पूर्वी दहादा चाळलेले पुस्तक अकराव्यांदा चाळीत उभी राहत असे. ‘आपण भले, आपले काम भले’ ही आईची शिकवण अशा वेळी फार उपयोगी पडे. खरे सांगायचे, तर ओळखी वाढविणे आणि वशिला लावणे यांत मला काडीचाही फरक दिसत नव्हता. बुजरेपणाला तत्त्वाचा मुलामा दिला, की तो शोभूनही दिसतो!

हा मुलामा उतरला त्याला आता सहा वर्षे झाली.

आपल्यासारखीच मराठी वस्ती असलेल्या एका गावातील वृद्ध ग्रंथपाल एका चर्चासत्रात माझ्या शेजारी बसले होते. जेवणाच्या वेळी त्यांनी आपणहून चौकशी केली. जुन्या मासिकांचे बांधीव खंड आपल्याकडे पुष्कळ आहेत, वाचणारे मात्र उरले नाहीत, असे ते म्हणाले आणि चिठ्ठीवर आपला दूरध्वनी क्रमांक लिहून दिला. ‘कधी गरज पडली तर कळवा,’ असे ते म्हणाले. मी ‘हो’ म्हटले आणि चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. ती तेथेच राहिली.

दोन वर्षांनी आमचे एक सभासद त्या गावाहून परतले, त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले की, ते ग्रंथालय बंद झाले. जागेचे भाडे परवडेना, चालक मंडळी थकली, आणि अखेर पुस्तके रद्दीच्या भावाने वजनावर गेली. बांधीव खंड जड, त्यामुळे काटा लवकर खाली गेला असेल.

माझ्या ग्रंथालयात त्या वेळी दोन कपाटे रिकामी होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी मला ओळख दिली होती ती स्वतःसाठी नव्हे. आपल्यामागे त्या खंडांचे काय होईल, या काळजीपोटी दिली होती. आणि मी तिला शिष्टाचार समजून पर्समध्ये बंद करून ठेवली. माझे मौन मी सद्गुण मानीत होते. त्याची किंमत मात्र पुस्तकांनी मोजली.

मग मला आपल्याच शहराचा इतिहास नव्याने वाचावासा वाटला. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवनहून विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यात आणले, १९११ मध्ये येथे ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले, पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, हे सर्व मी परीक्षेसाठी पाठ केले होते. पण बोर्डन १९१३ मध्ये परत गेले, तरी हा गाडा थांबला नाही, तो कशामुळे? त्यांच्या येण्याआधीच मोतीभाई अमीन नावाच्या शाळामास्तरांनी गावोगावी मित्रमंडळ पुस्तकालये उभारली होती. नाव पाहा, मित्रमंडळ! आणि १९१२ मध्ये येथूनच ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून. खेड्यातील एकट्या ग्रंथपालाला आपल्यासारखा दुसरा कोठे काय करतो आहे, हे कळावे, याची ती सोय होती. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील काचेच्या जमिनी मी कौतुकाने पाहुण्यांना दाखवीत आले. पण वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून त्या घातल्या आहेत, यातील बोध माझ्या ध्यानी आला नव्हता.

दुसरा आधार मिळाला तो डॉ. रंगनाथन यांचा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे हे जनक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, ते नाखुशीनेच. मूळचे गणिताचे अध्यापक. ग्रंथालयातील एकांताला इतके कंटाळले की, परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. पुढे अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे केवळ वर्गात न बसता त्यांनी कितीतरी ग्रंथालये हिंडून पाहिली, तेथील माणसांशी बोलले, आणि परत आले ते वेगळेच होऊन. १९२८ मध्ये मद्रासला ग्रंथालय संघ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांना एकांत सोसवेना आणि मला सहवास सोसवेना. नाखुशीची कारणे उलटी असली, तरी औषध एकच, असे मनाने घेतले.

तथापि स्वभाव काही झगा नव्हे, की उतरवून ठेवावा. म्हणून मी माझ्या स्वभावाला झेपेल अशी पद्धत बसविली. चर्चासत्राला जाण्यापूर्वी एक प्रश्न कागदावर लिहून न्यायचा. तोही खरा, ज्याचे उत्तर मला हवे आहे असा. ‘वाळवी लागलेले खंड तुम्ही कसे वेगळे ठेवता?’ असे विचारले, की हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत नाहीत. ग्रंथपाल वाळवीवर तासभर बोलू शकतो! दिवसाकाठी दोनच माणसांशी बोलायचे, अधिक नाही. घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत त्यांना चार ओळी लिहायच्या. आणि प्रत्येकाचे एक तालिकापत्र करायचे: नाव, गाव, संग्रहाचे वैशिष्ट्य, त्यांना काय हवे आहे, आपण काय देऊ शकतो. जुन्या तालिकांची कोरी पत्रे संगणक आल्यापासून पडूनच होती. ती अशी कामी आली.

संगणकावरील ओळखींची भीती तर अधिकच होती. समोर माणूस नाही, मग बोलायचे कोणाशी? पण येथे मला एक अनपेक्षित सोय आढळली: उत्तर देण्यापूर्वी विचार करायला सवड मिळते, आणि चहाचा पेला सावरावा लागत नाही. आमच्या ग्रंथालयात ‘कोहा’ ही संगणकप्रणाली बसविली, तेव्हा पूर्वी जुन्या अक्षरसंचात टंकलेली सारी मराठी शीर्षके पडद्यावर अगम्य चिन्हांसारखी दिसू लागली. चार हजार नोंदी! धीर करून ग्रंथपालांच्या एका गटात अडचण लिहिली. तासाभरात बेळगावच्या एका तरुणाने त्या नोंदी युनिकोडमध्ये आणण्याची रीत पायरीपायरीने कळविली. ‘कोहा’ हा न्यूझीलंडमधील माओरी भाषेतला शब्द. त्याचा अर्थ भेट, आणि तीही परतफेडीची जाण ठेवून दिलेली, हे मला त्याच्याकडूनच कळले. म्हणजे आपल्या संक्रांतीचे वाणच की! हळदीकुंकवाला कोणी वाण घेऊन घरी बसत नाही. पुढच्या घरी देणे लागतेच.

मी ते कसे फेडले, तेही सांगते. गेल्या वर्षी त्याच गटात एकाने एका मासिकाचा हरवलेला अंक विचारला. माझ्या कपाटात तो होता. पूर्वीची मी असते, तर दुसरे कोणीतरी सांगेल म्हणून गप्प बसले असते. यंदा मी लिहिले, ‘आमच्याकडे आहे.’ दोनच शब्द. पण अठ्ठावीस वर्षांत मी आपणहून उच्चारलेले ते पहिलेच असावेत.

आणि एक प्रसंग. आमच्या सभासद असलेल्या ऐंशी वर्षांच्या एका आजी एके दिवशी म्हणाल्या, ‘माझ्या आईचा एक लेख लग्नापूर्वी छापून आला होता. मी तो कधी पाहिला नाही.’ मासिकाचे नाव आणि अंदाजे साल, एवढीच माहिती. माझ्याकडे तो खंड नव्हता. तालिकापत्रे काढली, हैदराबादच्या एका भगिनीला लिहिले. तिने तीन दिवस धूळ झटकली आणि चौथ्या दिवशी पानांची छायाचित्रे पाठविली. आजींनी भिंग लावून लेख वाचला. अखेरीस छापलेल्या आईच्या माहेरच्या नावावरून त्यांनी बोट फिरविले आणि म्हणाल्या, ‘या नावाने तिला कोणी हाक मारलेली मी ऐकलीच नव्हती.’

त्या गावातील रद्दीत असे किती लेख गेले असतील, हा विचार त्या क्षणीही सुटला नाही. तो सुटूही नये.

मी आता मोठी बोलकी झाले आहे, असे मात्र कोणी समजू नये. गटांत सुप्रभातीची फुले येतात, ती मी न पाहताच पुढे सरकते. मधल्या सुटीत दोन माणसे झाली, की अजूनही प्रदर्शनाच्या टेबलाशी जाते. पण ग्रंथालयातील ज्या खिडकीवर मी आयुष्य घालविले, तिच्यावर ‘देवघेव’ असे लिहिले आहे, आणि तो शब्द केवळ पुस्तकांपुरता नाही, एवढे कळले आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर आजोबांची पुस्तके, आजीच्या मासिकांचे गठ्ठे असतील. महाराष्ट्राबाहेर आपल्या भाषेचा केवढा तरी ठेवा अशा माळ्यांवरच आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली उतरतील, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी गावातल्या ग्रंथपालाला एकदा विचारा. तो कदाचित बुजरा असेल, मान वर न करताच ‘ठेवा तिथे’ म्हणेल. त्याचा राग मानू नका. आपला दूरध्वनी क्रमांक त्याला लिहून द्या. आणि आठ दिवसांत त्याचा निरोप आला नाही, तर पुन्हा जा.

ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे.