ग्रामसभेत बोलावयास कोण शिकविणार?

स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास खोडाळ्यासारख्या गावात दोन ठिकाणी भाषणे होतात. शाळेच्या पटांगणात ध्वजवंदन झाले की मुलेमुली एकामागून एक पुढे येतात, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात करतात आणि गुरुजींनी लिहून दिलेले, आठवडाभर घोकलेले भाषण एका दमात म्हणून दाखवितात. टाळ्या पडतात, खाऊ वाटला जातो. त्याच दिवशी, किंवा एकदोन दिवस मागेपुढे, ग्रामपंचायतीपुढे ग्रामसभा भरते. तेथे बोलणारे थोडे, आणि तेही ठरलेले. बाकीचे ऐकतात, मागे बसलेल्या स्त्रिया आपसांत कुजबुजतात, आणि हजेरीच्या वहीत सह्या-अंगठे झाले की सभा उठते. ज्या मुलाने शाळेत न अडखळता भाषण केले, तो मोठा झाल्यावर ग्रामसभेत बहुधा आपल्या वडिलांसारखाच गप्प बसणार आहे. आपल्या शाळांतील वक्तृत्वशिक्षणाचे याहून मोठे अपयश कोणते?

वक्तृत्व स्पर्धांचा उपयोग मुळीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. चारचौघांत उभे राहण्याची भीती त्यांनी मोडते. परंतु त्या स्पर्धांत गुण कशाला मिळतात, ते पाहावे. स्पष्ट उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचे भान, सुभाषितांची पेरणी. भाषण ऐकून एखाद्याचे मत बदलले का, हा प्रश्न परीक्षकाच्या तक्त्यात नसतो. विषयही असे की ज्यांवर मतभेद संभवतच नाही. 'पाणी हेच जीवन' या विषयावर विरुद्ध बाजू कोण घेणार? ज्या भाषणाला विरोधक नाही, त्याला पुरावा लागत नाही. आणि ज्याला पुरावा लागत नाही, त्याच्या तयारीत विचार करावा लागत नाही.

ग्रामसभेतील भाषणाची गोष्ट निराळी आहे. जव्हार आणि मोखाडा हे तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा 'पेसा' कायदा १९९६ साली संसदेने केला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये जाहीर केले. गौण वनोपजाची मालकी, विकास योजनांना मान्यता, लाभार्थींची निवड, भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय अशा बाबींत ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याने वजन दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीवरील दाव्यांची पहिली छाननीही ग्रामसभेतच व्हावयाची असते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अशा ग्रामपंचायतींना थेट देण्याचे धोरण आले. थोडक्यात, मोखाड्यातील शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या तोंडच्या चार वाक्यांवर जमीन, जंगल आणि पैसा अवलंबून राहू शकेल, अशी व्यवस्था कागदावर तयार आहे. ती चार वाक्ये कशी जुळवावीत आणि कशी मांडावीत, हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नाही.

महाराष्ट्राला या शिक्षणाची परंपरा नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली. रानड्यांच्या हाताखाली तयार झालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण येथे विशेष बोधप्रद आहे. मार्च १९०२ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्याचे बळ आकड्यांत होते. दुष्काळाने पिळलेल्या प्रजेवर जादा कराचे ओझे कायम ठेवून सरकार आपली शिल्लक फुगवीत आहे, हे त्यांनी सरकारच्याच हिशेबांवरून दाखविले. पुढच्या वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गोखल्यांना आकडेवारीच्या अभ्यासात ज्यांचे मोठे साहाय्य झाले, ते गणेश व्यंकटेश जोशी सरकारी शाळेतील शिक्षक होते, हे आजच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रभावी भाषणामागे कोणीतरी शांतपणे केलेली बेरीज-वजाबाकी असते.

गोखले विद्वान होते; खोडाळ्याच्या पाड्यावरील माणसाने त्यांचा कित्ता कसा गिरवावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जुन्या ठाणे जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तिला आलेल्या वारली प्रतिनिधींपैकी माह्या धांगडा व्यासपीठावर उभे राहिले आणि आपल्या मुलखात जे चालले होते ते त्यांनी सांगितले. त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला; गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. उठाव काही एका भाषणाने घडत नाही; परंतु ज्याने सोसले त्यानेच उभे राहून सांगितले, यालाही इतिहासात स्थान आहे. अनुभव हा पुरावाच असतो. तो मांडण्याची रीत तेवढी अवगत व्हावी लागते.

ही रीत गावपातळीवर कशी रुजते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखविले आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. पण त्याआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा झालेली असते, कायदा वाचलेला असतो, शंका विचारून घेतलेल्या असतात. त्यामुळे माणूस सभेत उभा राहतो तो तयारीनिशी. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर खाणकाम व्हावे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये तेथील ग्रामसभांकडे सोपविला. जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली बारा गावांच्या सभा झाल्या, आणि बाराही गावांनी नकार दिला. तेथे बोलणाऱ्या डोंगरिया कोंध स्त्रीपुरुषांनी कोणत्याही स्पर्धेत बक्षीस मिळविलेले नव्हते. आपला डोंगर आपल्याला का हवा, हे त्यांना आपल्या भाषेत नेमके सांगता आले.

मग शिकवावयाचे काय? मोखाड्यातील नेहमीचेच उदाहरण घ्यावे. वैतरणेवरील धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच मुलखातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या विषयावर ग्रामसभेत सहसा एकच वाक्य ऐकू येते : 'आमच्या पाड्याला पाणी नाही, सरकार लक्ष देत नाही.' वाक्य खरे आहे, पण त्यावर कोणाला काहीच करावे लागत नाही. तयारीने बोलणारा माणूस आधी मोजमाप करील. पाड्यावर घरे किती, विहीर कोणत्या महिन्यात आटते, हंडा घेऊन किती चालावे लागते, गेल्या उन्हाळ्यात टँकर किती वेळा आला, मागचा अर्ज कोणत्या तारखेला दिला. मग तो एकच मागणी करील : अमुक विहीर खोल करावी, पाच टक्क्यांच्या निधीतून करावी, पावसाआधी करावी.

येथपर्यंतची तयारी कोणीही सांगेल. खरी कसोटी पुढे आहे. ग्रामसभेत ज्याला पटवावयाचे तो बहुधा साहेब नसतो, शेजारच्या पाड्यावरचा माणूस असतो. निधी एकच, तो तुमच्या विहिरीला गेला तर त्याचा रस्ता राहतो. त्याला आपले म्हणणे पटवावयाचे तर त्याची अडचण त्याच्याहून चांगली समजून घेतली पाहिजे, तिचा उल्लेख आपणच आधी केला पाहिजे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. ऐकण्याचे शिक्षण हा बोलण्याच्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. हे शिकलेला माणूस कधीकधी भाषण न करताच खाली बसेल, कारण शेजाऱ्याची गरज मोठी आहे हे त्याला पटलेले असेल. तेही वक्तृत्वशिक्षणाचे यशच मानावे.

भाषेचा प्रश्नही टाळून चालणार नाही. येथील मुले घरी वारली, कोकणा, कातकरी, ठाकर बोलींत बोलतात. शाळेत तोंड उघडताच उच्चाराला हसू आले की मूल कायमचे मिटते. प्रमाण मराठी शिकविलीच पाहिजे, कारण अर्ज आणि शासननिर्णय तिच्यात असतात. पण मुद्दा आधी घरच्या बोलीत जुळवू द्यावा, मग तो प्रमाण मराठीत आणावा. उलट क्रमाने शिकविले तर भाषा पाठ होते आणि मुद्दा हरवतो. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. विहीर कधी आटते हे ज्यांना ठाऊक, त्या स्त्रियांना तेथे निर्धास्तपणे बोलण्याचा सराव होऊ शकतो. मात्र ती सभा कागदोपत्री उरकली जाऊ नये.

असे शिक्षण दिल्याने गावोगाव पुढारी निर्माण होतील आणि गोड बोलून फसविणारे वाढतील, अशी शंका घेतली जाते. शंका गैर नाही. परंतु फसविणाऱ्यांना शिकवावे लागत नाही. ते आधीच शिकलेले असतात. ज्याला स्वतःला मुद्दा मांडता येतो, त्याला दुसऱ्याच्या भाषणातील पोकळ जागाही दिसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. प्रजासत्ताकदिनाच्या किंवा महाराष्ट्रदिनाच्या सभेला पाड्यावर माणूसच नसेल तर बोलणार कोण? हा दोष शिक्षणाने भरून निघणारा नाही. सभांच्या तारखा माणसे गावात असतील अशा ठेवाव्यात, ही मागणीही मात्र कोणीतरी उभे राहून, पटेल अशा रीतीने, करावीच लागणार आहे.

शिक्षकांना यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागणार नाही. नववीच्या वर्गाने वर्षातून दोनदा आपल्या गावचा एक खरा प्रश्न घ्यावा, आकडे गोळा करावेत, दोन बाजू कराव्यात आणि मध्यावर बाजू बदलून बोलावे. ग्रामपंचायतीतील कारकून आणि ग्रामसेवक यांचेही एक काम आहे. सभेत बोललेले इतिवृत्तात उतरले नाही तर ते बोलणे कायद्याच्या दृष्टीने झालेच नाही. ते वाक्य बोलणाऱ्याला वाचून दाखवावे आणि मगच सभा संपवावी. विद्यार्थ्यांनी ध्वजवंदनाच्या दिवशी भाषण जरूर करावे. पण ते आटोपल्यावर ग्रामसभेत मागे बसून कोणाचे म्हणणे मान्य झाले, कोणाचे उडाले आणि का, हे वहीत टिपून घ्यावे. अठरा वर्षे पूर्ण झाली की त्यांनाही तेथे उभे राहावयाचे आहे, आणि त्या वेळी भाषण लिहून द्यावयास गुरुजी जवळ नसतील.