ययाती नेमका केव्हा बदलला?

फँटसी कादंबरीतलं ‘हा चांगला की वाईट?’ असा घोळ घालणारं पात्र म्हटलं, की आपल्या पिढीला हॅरी पॉटरमधला स्नेप आठवतो. त्याच्या मनात काय चाललंय, हे लेखिकेने सातव्या पुस्तकापर्यंत झाकून ठेवलं. निपाणीहून सुमारे ४० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांनी नेमकं उलट केलं. त्यांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) राजा स्वतःच आपली गोष्ट सांगतो. शाप, संजीवनी विद्या, तारुण्याची अदलाबदल हे सगळं आहेच, पण ओढ लागते ती त्याच्या बोलण्याची.

सुरुवातीला त्याचा राग येतच नाही. नहुषाची मुलं कधी सुखी होणार नाहीत, हा शाप जन्माआधीपासून मागे लागलेला. भाऊ यती विरक्त होऊन निघून गेलेला. पुढे देवयानीशी संसार जुळत नाही. प्रत्येक चुकीमागे त्याच्याकडे कारण असतं आणि ते आपल्याला पटतंही. मात्र खांडेकर देवयानी आणि शर्मिष्ठेलाही बोलायला लावतात. मग कळतं, कारणं ययातीची असली तरी त्यांची किंमत इतर माणसं मोजताहेत. लहानग्या पुरूला घेऊन शर्मिष्ठेला परागंदा व्हावं लागतं, तेव्हा आपली सहानुभूती डळमळते.

शुक्राचार्यांच्या शापाने राजा म्हातारा होतो, तरी बदलत नाही. उलट तारुण्य उसनं मागतो! महाभारतातला ययाती हजार वर्षं भोग भोगतो आणि मग त्याला वासनेचा अंत नाही हे उमगतं. खांडेकरांच्या ययातीला एवढा वेळ लागत नाही. आपलं म्हातारपण पोटच्या पोराच्या अंगावर आलेलं पाहून तो हादरतो. शिक्षेने जे झालं नाही, ते पुरूच्या त्यागाने झालं.

पण तीन निवेदकांच्या या कादंबरीत पुरूला स्वतःचं निवेदन नाही, ही गोष्ट मला खटकते. हो म्हणताना त्याला काय वाटलं असेल?

ही बाजू १९६१ साली शेजारच्या कन्नडमध्ये आली. परदेशी शिकायला निघण्याच्या दिवसांत तरुण गिरीश कार्नाडांनी ‘ययाति’ नाटक लिहिलं आणि त्यात पुरूची बायको चित्रलेखा आणली. नवऱ्याचं तारुण्य घेतलंत, तर त्याच्यासोबत येणारी जबाबदारीही घ्या, असं ती सासऱ्याला तोंडावर सुनावते आणि शेवटी विष घेते. या ययातीला जाग येते, पण एक जीव गेल्यावर.

आपल्या घरांत कुणी तारुण्य मागत नाही, असं आपण म्हणतो. पण बारावीनंतर कोणती शाखा, नोकरीला पुणे-बेंगळुरूला जायचं की बेळगावातच राहायचं, लग्न केव्हा करायचं, अशा कितीतरी वेळी मोठ्यांची राहून गेलेली स्वप्नं मुलांच्या वाट्याला येतात. मागणाऱ्यांची कारणंही ययातीसारखीच खरी असतात. मुलं ‘बरं’ म्हणतात आणि सगळे पुरूचं कौतुक करतात.

सीमाभागातल्या आपल्याला दोन्ही भाषा येतात, हा मोठाच फायदा. येत्या सुट्टीत कादंबरी आणि नाटक पाठोपाठ वाचा, शक्यतो आई-बाबांबरोबर. आणि वाचून झाल्यावर घरातल्या पुरूला आधी बोलू द्या.