तांब्याची तार आणि टेलचा शेतकरी



2025-26 च्या हंगामात हमीभावाने कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, असा हुकूम कापूस महामंडळाने काढला. पीक पाहणी तर 2021 पासूनच मोबाईलवर गेली आहे. सरकारचे दार आता तारेच्या टोकाला बसवले आहे. मग ती तार आपल्या घरापर्यंत का आली नाही, हे विचारायला नको?

विचारले की साहेब लोक तंत्राचा बागुलबुवा उभा करतात. तंत्र साधे आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून आपले बोलणे जाते, त्याला तारेची तळाची चिंचोळी पट्टी लागते, चार हजार हर्ट्झपर्यंतची. वरची सगळी तार पडीक. त्या पडीक पट्ट्यात, सुमारे 25 हजारांपासून 22 लाख हर्ट्झपर्यंत, इंटरनेटची पेरणी केली की झाले ब्रॉडबँड. घरात मोडेम, टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्याचे जोडीदार यंत्र. बोलणे चालू असतानाही इंटरनेट चालते.

अडचण एकच. वरच्या पट्टीतली कंपने तांब्यात लवकर विरतात. पाटाच्या पाण्यासारखे आहे हे. हेडवाल्याचा ऊस भिजतो आणि टेलच्या ज्वारीला ओल पोचत नाही. एक्सचेंजला खेटून असलेल्या घराला 20 मेगाबिटचा वेग मिळतो, चार-पाच किलोमीटरवर एखाद-दुसरा मिळाला तरी नशीब. नाशिक रोडला स्टेशन, नोटांचा छापखाना, विभागीय आयुक्तांचे कार्यालय. तिथली घरे एक्सचेंजच्या सावलीतली. नांदगाव-येवल्याच्या माळावरची वस्ती टेलला. पण एक्सचेंज कोठे बांधायचे आणि कोणत्या एक्सचेंजात यंत्र बसवायचे, हे तांब्याने ठरवलेले नाही. ते दिल्लीने ठरवले.

2004 साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली होती, की सरकारी कंपनीची तांब्याची तार भाड्याने इतरांनाही खुली करा. ज्याला यंत्र बसवून गिऱ्हाईक सांभाळायचे आहे त्याला सांभाळू द्या. युरोपात 2001 पासून तसा कायदाच होता. आपल्या सरकारने त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ही सक्ती नाकारली. परस्पर जमले तर करा, म्हणाले. एकाधिकारवाल्याचे परस्पर कधी जमते? कापूस एकाधिकार खरेदी 1972 पासून ज्यांनी भोगली, हद्दीपलीकडे गाडी नेली म्हणून जे गुन्हेगार ठरले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कंपनी म्हणे, तार आम्ही टाकली. कोणाच्या पैशाने? 2000 पर्यंत ते सरकारी खातेच होते.

त्याच धोरणात 256 किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले. एक एमबीचा फोटो उतरायला अर्धा मिनिट. ही व्याख्या 2013 मध्ये 512 झाली आणि 2 मेगाबिटवर यायला 2023 उजाडले.

आणि पैसा नव्हता असेही नाही. ज्वारीची लेव्ही आठवते? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नावरही 2002 पासून 5 टक्के लेव्ही आहे, खेड्यात सेवा पोचवण्यासाठी. कंपनी ती आपल्या बिलातूनच काढणार. 2009 मध्ये या निधीतून सरकारी कंपनीशी करार झाला: ग्रामीण एक्सचेंजांवरून साडेआठ लाखांवर तारेची जोडणी, पाच वर्षांत. आपल्या गावात त्यातल्या किती आल्या, मोजा. निधीचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला. 2020 च्या जानेवारीत कंपनीचे 78 हजारांवर कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने घरी गेले. तुटलेली तार जोडायला आता खांबावर चढणार कोण?

"मोबाईल आहे ना!" हे उत्तर ठरलेले. आहे की. संध्याकाळी सगळे गाव एका टॉवरवर लोंबकळते, तेव्हा बघायला या. ज्या नोंदणीवर वर्षाचा कापूस अडला आहे, ती टेकडीवर चढून करायची काय?

आता तांब्याचे दिवस सरले, फायबरचे आले. फायबरला अंतराचा तो जाच नाही, म्हणजे जुनी सबबही संपली. 2011 मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, 2015 मध्ये तिचे नाव भारतनेट झाले, मुदती लांबत गेल्या. पंचायतीपर्यंत तार आली तरी तिथून घरापर्यंत न्यायचा हक्क पुन्हा एकाच्याच हातात देऊ नका. गावातल्या पोराला भाडे भरून ती घरोघर ओढू द्या, दोघे-तिघे ओढोत, दर आपोआप उतरतील.

तोवर ॲपची सक्ती नको. खरेदी केंद्रावर वहीत नोंद घ्या, आणि निधीचा तालुकावार हिशेब द्या. नाशिक रोडच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणाव्यात: एक्सचेंज किती किलोमीटरवर आहे, फायबर पंचायतीत चालू आहे की बंद, आणि नोंदणीसाठी किती जणांना बाहेरगावी जावे लागले. ते कागद आयुक्तांच्या टेबलावर ठेवायचे आहेत.